दिवंगत आईकडून सुकी मासळी

टोकियो, १२ फेब्रुवारी १९७२

आई,

पत्राची सुरुवात हवापाण्याने करावी असं तूच शिकवलंस, म्हणून ते आधी उरकते. थंडी आहे. सकाळी नळ गोठतो आणि मी घरमालकिणीच्या किटलीवर डोळा ठेवून बसते. झालं हवापाणी.

आता बातमी. माझी तिसरी तबकडी पुढच्या महिन्यात येतेय! गाण्याचं नाव ‘धक्क्यावरचा कंदील’. मुलगी बऱ्याच वर्षांनी बोटीने गावी येते, बघते तर धक्क्यावर कंदील नाही, कारण तो लावणारी आईच आता नाही. चाल आमच्या गुरुजींची. तीन वर्षं त्यांच्या घरचे व्हरांडे पुसले, कुत्रं फिरवलं, तेव्हा कुठे ही चाल पदरात पडली. परवा म्हणाले, “सूर तुझ्यापेक्षा कुत्र्याला लवकर कळतो, पण चिकाटी तुझी जास्त.” ही त्यांच्याकडची स्तुती असते, वाईट वाटून घेऊ नकोस.

नावही नवीन मिळालंय: मिनातो शिगुरे. आधीच्या दोन तबकड्यांवर माझं खरं नाव होतं आणि मॅनेजर ओबातासाहेबांच्या मते त्या त्यामुळेच पडल्या. किहारा नोबुए म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे म्हणे पोस्टातली कारकूनबाई उभी राहते.

काम विचारशील तर असं: तबकड्यांच्या दुकानांपुढे संत्र्याचं रिकामं खोकं उलटं ठेवायचं, त्यावर किमोनो सावरत उभं राहायचं आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना गाणं ऐकवायचं. रविवारी एका गरम पाण्याच्या स्नानगृहातल्या सभागृहात गायले. समोर दोनशे म्हातारे, सगळ्यांच्या अंगावर एकसारखे झगे, सगळ्यांच्या तोंडात शेवया. दुसऱ्या कडव्यात मी अगदी रंगात आले आणि भोंग्यातून आवाज आला: बेचाळीस नंबर, पाठ चोळून घ्यायला या. बेचाळीस नंबरचे आजोबा माझ्यासमोरच बसले होते. जाताना मला वाकून नमस्कार करून गेले.

थट्टा पुरे. कंपनीने बजावलंय, ही तबकडी चालली नाही तर वर्षअखेरीला नारळ. मग मी गावी येईन, तुझ्या शेजारी बसून मासळी चिरीन, आणि तू त्या इंजिनदुरुस्तीवाल्याच्या मुलाला जेवायला बोलावशील. म्हणून देवळात जाशील तेव्हा माझ्यासाठी घंटा जरा जोरात वाजव.

तुझी,
नोबुए

---

उवाजिमा, ३ एप्रिल

नोबुए,

संत्र्याच्या मळ्यांत छाटणी संपली, वारा दक्षिणेचा आहे, बांगडा दीड दिवसात वाळतो. हवापाणी असं लिहायचं असतं. तू लिहिलंस तो हवामानखात्याचा निरोप झाला.

आज बाहुल्यांचा सण. तुझ्या बाहुल्या मांडल्या आहेत. सणानंतर लगेच उचलल्या नाहीत तर मुलीचं लग्न लांबतं म्हणून दरवर्षी घाई करत आले. यंदा राहू देत आठवडाभर. तू चोविशीला आलीस, आणखी काय लांबायचंय?

तुझं ते नवं नाव काही मला पसंत नाही. शिगुरे म्हणजे थंडीतली भुरभुर. मासळी वाळत घालणाऱ्या घरातल्या मुलीला पावसाचं नाव! बाबांना विचारलं, ते म्हणाले, “हं.” त्यांचा ‘हं’ मला नाराजीचा वाटला, पण ते जेवत होते, त्यामुळे खात्री नाही.

तबकडी मिळाली. आपल्याकडे तबकडी वाजवायचं यंत्र नाही, म्हणून देव्हाऱ्यात ठेवली आहे. ऐकते कशी, तर फोनवरून सांगितलं की बार आणि सलूनमध्ये गाणी वाजवणारं ते केंद्र आहे ना, तिथे फोन करते आणि मग किकुनोच्या सलूनमध्ये जाऊन बसते. काल तीनदा फोन केला, तीनदा वेगवेगळा आवाज काढला. तिसऱ्या वेळी पलीकडची मुलगी म्हणाली, “लावते हं किहाराकाकू. आज बांगडा आहे का?”

गाणं चांगलं आहे. पण त्यातली आई कंदील लावायला स्वतः कशाला जायची? घरात कोणी पुरुषमाणूस नव्हता का?

आई

---

टोकियो, २१ मे

आई,

अझेलिया फुलल्यात, उकडतंय, डास आले. सुधारले ना?

तुला खोटं वाटेल, पण गाणं चालायला लागलंय! कावासाकीत एका दिवसात दुकानातल्या सगळ्या तबकड्या संपल्या. नंतर योकोहामा, मग चिबा. लोक ऐकता ऐकता रुमाल काढतात. एका बाईने माझा हात धरला तो सोडेचना. ओबातासाहेबांनी मला चक्क वाफवलेली मासळी खाऊ घातली आणि काटेसुद्धा स्वतः काढून दिले.

का चालायला लागलं म्हणशील, तर ते काही सांगता येत नाही. लोकांची आवड.

एक सांगायचं राहिलं. साप्ताहिकांमध्ये हल्ली काहीही छापतात. तू ती वाचत नाहीसच, पण किकुनोकाकूंच्या सलूनमध्ये ढीग असतो. तिथल्या वाऱ्याला उभी राहू नकोस. केस कुरळे करायचे तर ऑगस्टमधलं पितरांचं ओबोन झाल्यावर कर, उन्हाळ्यात कुरळे केस टिकत नाहीत असं इथे सगळे म्हणतात.

नोबुए

---

उवाजिमा, १४ जून

नोबुए,

पावसाची झड लागली आहे, मासळी घरात वाळतेय आणि मी मेलेली आहे.

क्रमाने सांगते. गेल्या सोमवारी पोस्टमन हिगाशी टोपी काढून दारात उभा राहिला. हातात उदबत्तीची तीन पाकिटं, वर लिहिलेलं: गायिका मिनातो शिगुरे यांच्या दिवंगत मातोश्रींच्या चरणी. हिगाशी म्हणाला, “काकू, अशा प्रसंगी काय बोलावं सुचत नाही. पण पोचपावतीवर सही तुम्हालाच करावी लागेल.” केली. दुसऱ्या दिवशी आठ पाकिटं. आजपर्यंत त्रेसष्ट झाली. घराला देवळाचा वास येतोय आणि बांगड्यालाही.

मग मी किकुनोकडे गेले. केस कुरळे करून घेतले, आणि साप्ताहिक वाचलं.

काय मेलेय मी! जानेवारीच्या गारठ्यात रोज संध्याकाळी धक्क्यावर तुझी वाट बघत उभी राहायचे म्हणे, आणि त्यातच न्यूमोनिया झाला. जानेवारीत संध्याकाळी मी न्हाणीत असते, गळ्यापर्यंत गरम पाण्यात, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. माझे शेवटचे शब्दही छापलेत: “नोबुए, गात राहा.” मरताना मी असलं बोलेन? मी म्हणेन, “मासळी झाका, मांजर आलंय.”

निइगाताहून एका विधवा बाईंचं तुझ्या बाबांना पत्र आलंय. स्वतःची खानावळ आहे, दुःखात सोबत हवी असल्यास कळवावं, असा मजकूर. बाबांनी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा चष्मा लावून.

सलूनमध्ये सगळ्यांबरोबर मीही पोट धरून हसले. घरी आले, तांदूळ धुवायला घेतले आणि हसू थांबलं. नोबुए, मला वाईट वाटलं. मारलंस म्हणून नाही. मला कळवलं नाहीस म्हणून. हिगाशीला माझ्याआधी कळलं.

आणि या त्रेसष्ट पाकिटांचं मी काय करू, ते लिही.

आई

---

टोकियो, १८ जून

आई,

आज हवापाणी लिहायला तोंड नाही.

सगळं एका खिळ्यामुळे झालं. कावासाकीत त्या दिवशी खोक्याचा खिळा वर आला होता. दुसऱ्या कडव्याला तो मोजा फाडून तळव्यात घुसला. गाणं अर्धं सोडून खाली उतरायचं नसतं, गुरुजींनी तीन वर्षं हेच शिकवलं. मी गात राहिले आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. समोरच्या आजींनी विचारलं, “बाळ, तुझी आई…?” मी काही बोलायच्या आत ओबातासाहेबांनी मान खाली घातली आणि म्हणाले, “याच हिवाळ्यात.”

मी तोंड उघडलं होतं आई, शप्पथ. पण तेवढ्यात लोक रांगेत उभे राहायला लागले. माझ्यासाठी रांग! मी आजवर फक्त दुसऱ्यांसाठी लागलेल्या रांगा पाहिल्या होत्या. मी तोंड मिटलं. त्यानंतर रोज थोडं थोडं मिटत गेले.

आता ऐक, आणि मग हवं तेवढं रागाव. १५ ऑगस्टला टीव्हीवर ओबोनचा खास कार्यक्रम आहे. वर्षभरात ज्यांच्या घरचं माणूस गेलं, त्यांचे पितर पहिल्यांदा घरी येतात, त्यावर. सगळ्या देशात दिसतो तो. त्यात मला गायचंय. तिथे गाणं बसलं तर कंपनी पुढची तीन वर्षं ठेवेल. नाहीतर काय, ते तुला माहीत आहे.

ओबोनपर्यंत मेलेली राहशील? फक्त दोन महिने. नंतर ओबातासाहेब काहीतरी मार्ग काढतील.

उदबत्त्या राहू देत, ठेव कुठेतरी.

तुझी नालायक,
नोबुए

---

उवाजिमा, ५ जुलै

नोबुए,

पाऊस ओसरला. संत्र्यांची फळं आता गोट्यांएवढी झाली आहेत.

बरं. राहते मेलेली. एवढं अवघड नाही. महिला मंडळाच्या गटारसफाईला गेले नाही. अध्यक्षीणबाई जाब विचारायला आल्या, त्यांच्या हातात साप्ताहिक ठेवलं. सगळ्या गावाला सांगून ठेवलंय की बाहेरून कोणी विचारायला आलं तर गप्प बसायचं. गाव तुझ्या बाजूने आहे. हिगाशी तर मला रोज “कशा आहात?” ऐवजी “कुठवर पोचलात?” विचारतो.

उदबत्त्या ‘ठेव कुठेतरी’ म्हणतेस! अगं, घरात भेट आली आहे. परतभेट द्यायला नको? रिवाजाप्रमाणे ती एकोणपन्नासाव्या दिवसानंतर जायला हवी. साप्ताहिकातल्या तारखेवरून मोजलं, तर माझा एकोणपन्नासावा दिवस मार्चमध्येच उलटून गेलेला! तीन महिने उशीर. लाजेने मला रात्रभर झोप नाही.

म्हणून लगेच मार्गी लावलं. त्रेसष्ट जणांना त्रेसष्ट पुडकी, आपल्याच हातची सुकी मासळी. मृत्यूच्या परतभेटीत मासळी चालत नाही, चहा नाहीतर साखर द्यायची असते, हे मला कळतं. पण म्हटलं, मेलेलं तर कोणी नाही, मग चहा कशाला? प्रत्येक पुडक्यात चिठ्ठी घातली: “आपण माझ्यासाठी पाठवलेल्या उदबत्त्या पोचल्या. मनापासून आभार. दमट हवेत प्रकृतीला जपा. किहारा त्सुरुयो.”

मी जिवंत आहे असं एका शब्दाने कोणाला कळवलेलं नाही. शब्द म्हणजे शब्द. तू निश्चिंत गा.

आई

---

टोकियो, २६ जुलै

माननीय किहारा त्सुरुयो यांस,

उन्हाळा कडक आहे. अशा दिवसांत समोरच्याच्या प्रकृतीची विचारपूस करायची पद्धत आहे, परंतु आपल्या बाबतीत ती कशी करावी हे मला ठरवता आलेलं नाही, क्षमा असावी.

आपली मासळी त्रेसष्ट घरी पोचली. त्यानंतर आमच्या कार्यालयात आलेल्या पत्रांचा गोषवारा असा: चिबाच्या एक बाई चिठ्ठी वाचून बेशुद्ध पडल्या. एका निवृत्त शिक्षकांनी लिहिलंय की परलोकातही इतका चांगला बांगडा मिळतो हे कळल्यापासून त्यांची मरणाची भीती गेली. एक पुडकं मात्र एका साप्ताहिकाच्या बातमीदाराच्या सासूबाईंना मिळालं आहे, आणि तो मला रोज फोन करतो.

मार्ग एकच दिसतो. आपण दिवंगत त्सुरुयोबाईंच्या धाकट्या भगिनी आहात आणि त्यांच्या वतीने परतभेट पाठवताना त्यांचंच नाव घातलंत, अशा मजकुराचा कागद सोबत जोडला आहे. त्यावर मावशी म्हणून सही करावी. तसंच १५ ऑगस्टला कार्यक्रमात मावशी म्हणून हजर राहावं. प्रवासाची व्यवस्था आम्ही करू.

हे न झाल्यास कार्यक्रम जाईल आणि त्याच दिवशी कुमारी शिगुरे यांचा करार संपेल. मी धमकी देत नाही. मला वरून तसंच सांगण्यात आलं आहे.

मासळी रुचकर होती.

आपला नम्र,
ओबाता

---

उवाजिमा, ३० जुलै

नोबुए,

ओबातांचं पत्र आणि कागद आला. चूक माझी, हे कळलं. मी परतभेटीचा विचार केला, टपाल उघडणाऱ्या माणसाचा केला नाही. बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, “हं,” आणि बोटीवर गेले. हा ‘हं’ कसला होता ते मला कळलंय, पण लिहीत नाही.

मेलेलं राहणं सोपं होतं गं. मेलेल्याला कोणी काही विचारत नाही. पण मावशी म्हणजे तुझ्यासमोर उभं राहायचं, आणि तू मला मावशी म्हणणार, आणि मी ओ देणार.

तरी करीन सही. ओबातांसाठी नाही, तुझ्यासाठी. पण तू सांगितलंस तर. तुझ्या हाताने, एका ओळीत. बाकी काही लिहू नकोस.

आई

---

टोकियो, ३ ऑगस्ट

आई, मावशी म्हणून सही कर.

नोबुए

---

उवाजिमा, ६ ऑगस्ट

नोबुए,

केली सही. कागद आजच्या टपालाने गेला.

काळा किमोनो उन्हात टाकलाय. स्वतःच्या पहिल्या ओबोनला नेसायला मिळणारी मी पहिलीच असेन. ओबातांना विचार, मी धाकटी बहीण किती वर्षांनी? पाचाच्या वर चालेल.

मावशी

---

टोकियो, १६ ऑगस्ट

अहो,

तुम्ही टीव्ही पाहिलात की नाही मला ठाऊक नाही. किकुनोच्या सलूनमध्ये सगळं गाव बसणार होतं, पण तुम्ही गर्दीत जात नाही. म्हणून लिहिते. पत्र पोचण्याआधी मीच पोचेन कदाचित, पण तोंडी सांगताना मी भलतीकडेच जाते आणि तुम्ही झोपता.

प्रवास छान झाला. बोटीच्या डेकवर उभ्याने उदोनच्या शेवया खाल्ल्या. ओकायामापासून ती नवी वेगाची गाडी, डोळा लागला तो ओसाका गेलं. स्टेशनवर ओबाता घ्यायला आले होते. बारीकसा, घाबरट माणूस आहे. मला वाटलं होतं मिशा असतील.

स्टुडिओत एका खोलीत नोबुएला आणलं. चार वर्षांनी बघत होते. ओबाता, दोन बायका, एक टेलिफोनवाला, सगळे आमच्याकडे टक लावून. ती नीट वाकली आणि म्हणाली, “मावशी, प्रवास कसा झाला?” आवाज अगदी सरळ होता. मान मात्र वर येईना. हाडं दिसताहेत हो मानेची. मी म्हटलं, “बरा झाला, बाई.”

मग दिवे लागले. माझ्यासाठी सुरेख वेदी मांडली होती. पितरांना यायला काकडीचा घोडा, परत जायला वांग्याची गाय, कमळं, फळं. फोटो भलत्याच कोणा बाईचा. माझ्यापेक्षा देखणी. तुमची निइगाताची तीच असेल.

सूत्रसंचालक रुमाल हातात घेऊनच आला होता. त्याने मला विचारलं, मी पाठ केलेलं वाक्य म्हटलं, “ताई आज असती तर तिला धन्य वाटलं असतं.” लोक हळहळले. पाठ केलेलं बोलणं अवघड नसतं.

मग नोबुएने वेदीपुढे बसून उदबत्ती घेतली. मेणबत्तीवर पेटवली. ज्वाला राहिली टोकाला. ती विझवायची कशी, तर हाताने वारा घालून. हे पोरं चालायच्या आधी शिकतात. पण तिचं लक्ष होतं कुठे? मी शेजारीच, हातभर अंतरावर, जिवंत बसलेली, आणि ती माझ्या नावाने उदबत्ती लावतेय. तिला काही सुचलं नसणार. तिने तोंडाने फूंऽ करून फुंकली!

पितरांच्या उदबत्तीवर तोंडाची फुंकर! सगळ्या देशासमोर!

मी म्हटलं, “अगं, तोंडाने फुंकतेस? हेच शिकवलं का मी तुला?”

आणि ती मान खाली घालून, सात वर्षांची असताना म्हणायची तशी म्हणाली, “चुकलं, आई.”

हो. असं झालं.

सूत्रसंचालकाचा रुमाल एका डोळ्यावर तसाच राहिला. ओबाता कॅमेऱ्यामागे खालीच बसले. नंतर बघते तर वांग्याची गाय त्यांच्या हातात.

नोबुएने उदबत्ती खोवली आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. मग कॅमेऱ्याकडे वळून म्हणाली, “ही माझी आई, किहारा त्सुरुयो. ती मेलेली नाही. मी खोटं बोलले. तिने मला कधी खोटं शिकवलं नाही, हे माझं मीच शिकले.” आणि जमिनीला कपाळ टेकलं.

वाद्यवाल्यांच्या मास्तरांना काही सुचेना, त्यांनी गाणंच सुरू केलं. ती उठली आणि गायली. अहो, आपली पोर गाते. सलूनमध्ये यंत्राच्या गरगरीतून कधी कळलंच नव्हतं. मी स्वतःच्या मरणाचं गाणं ऐकून ढसाढसा रडले.

रात्री तिच्या खोलीत दोघी एका पांघरुणात झोपलो. आज सकाळी कंपनीचा माणूस आला. करार संपला. तिने सही केली, माणसाला चहा दिला, तो गेल्यावर कप धुतले.

उद्या निघते. मांजराकडे लक्ष ठेवा.

त्सुरुयो

---

टोकियो, २४ सप्टेंबर

आई,

दिवस लहान झालेत, रात्री किडे किरकिरतात, आणि नळाला अजून पाणी येतंय, तेवढं चांगलं.

तबकड्या दुकानांतून परत आल्या. गाणं पडलं म्हणजे अगदी सपाट पडलं. ओबातासाहेबांनाही कंपनीने काढलं. परवा ते माझ्या दारात उभे, काखेत खोकं. म्हणाले, “खिळे सगळे ठोकून आणलेत.” आता आमची कंपनी म्हणजे ते, मी आणि ते खोकं. मी माझ्याच नावाने गाते. पोस्टातल्या कारकूनबाईला बघायला तीन-चार माणसं थांबतात. कधी कोणी ओरडतं, “ए, आई कशी आहे?” आणि बाकीचे हसतात. हसू दे. उत्तर देता येतं, एवढं मला पुरतं.

तुला लिहायचं आहे ते दुसरंच. तुझ्या त्रेसष्ट जणांतले एक तादोकोरो म्हणून आहेत, कावासाकीच्या गोदीत काम करतात, पन्नाशीचे. त्यांनी मला त्यांच्या जेवणघरात गायला बोलावलं. मला वाटलं शिव्या खायला बोलावताहेत. म्हणून गाण्याआधीच मी वाकून माफी मागितली, की तुम्ही उदबत्ती पाठवलीत आणि मी तुम्हाला फसवलं.

ते म्हणाले, “नाही पोरी. मी तुझ्या आईसाठी पाठवलीच नव्हती. माझी आई गेली तेव्हा मी जहाजावर होतो. परत आलो तोवर घर विकलेलं, भाऊ कुठे गेला पत्ता नाही. उदबत्ती लावायची तर कुठे लावू? तुझं गाणं ऐकलं आणि साप्ताहिकात पत्ता दिसला. म्हटलं, हे एक घर आहे जिथे आईसाठी उदबत्ती पोचेल. आणि महिन्याने मला आईच्या नावाने चिठ्ठी आली, की पोचली, प्रकृतीला जप.”

मग ते म्हणाले, “गा आता.” मी गायले. रांग वगैरे नव्हती. सगळे जेवत होते.

त्या रात्रीपासून मला एक गोष्ट तुला सांगायची आहे. ते एका ओळीचं पत्र लिहायला मला दोन दिवस लागले असं मी सांगितलं असतं, तर तुला बरं वाटलं असतं. दोन मिनिटं लागली. तुझं पत्र वाचलं आणि लगेच लिहिलं, पेटीत टाकलं, आणि तालमीला गेले. स्टुडिओत मी ती फुंकर मारली नसती तर मी आजही तुला मावशी म्हणत असते. तू एका शब्दाने रागावली नाहीस. तेच मला सहन होत नाही. रागाव ना.

नोबुए

---

उवाजिमा, २ ऑक्टोबर

नोबुए,

संत्र्यांवर पिवळा रंग चढतोय, बांगड्याला चरबी आली आहे.

रागावले नव्हते असं कोणी सांगितलं तुला? तुझी ती ओळ आली तेव्हा मी तीन दिवस घरात कोणाशी बोलले नाही. बाबांना वाटलं उकाड्याने. सही करताना पेन इतकं दाबलं की खालच्या टेबलावर ‘मावशी’ उमटलंय, अजून पुसलं जात नाही. त्यावरच भाजी चिरते. सारखी चिरते.

आणि पाच-दहा वर्षं मी रागावलेलीच राहणार आहे. सगळा राग एका पत्रात मावत नाही, हप्त्याहप्त्याने पाठवीन. तू प्रत्येकाला उत्तर द्यायचंस.

तादोकोरोंना सांग, त्यांच्या आईचं नाव कळवा. पुढच्या ओबोनला आपल्या घरी तिच्याही नावाचं ताट वाढीन. त्यांना जमलं तर त्यांनी यावं, नाही जमलं तर मी आहेच. एवढी उदबत्ती शिल्लक आहे की मला जन्मभर पुरून उरेल.

इंजिनदुरुस्तीवाल्याच्या मुलाचं लग्न ठरलं. बाहुल्या मी अजून उचललेल्या नाहीत. वर्षअखेरीला गावी येऊन मासळी चिरण्याचं डोक्यात असेल तर काढून टाक, मला मदतीची गरज नाही. तिथेच रहा, भात नीट खा, आणि ओबातांनाही वाढ.

आणि रस्त्यात कोणी विचारलं आई कशी आहे, तर हसू नकोस. नीट उभी राहून सांग: जिवंत आहे, आणि अजून रागावलेली आहे.

आई